सहा मजुरांच्या खांद्यावरून

मृत्युपत्र हा कागद तसा रुक्षच. घर कुणाला, जमीन कुणाला, भांडीकुंडी आणि पुस्तकं कुणाला, एवढीच त्यात वाटणी असते. भाषाही वकिली, एकाच साच्याची. पण कधी कधी त्या साच्यातून एखादं वाक्य असं निसटतं, की लिहिणारा माणूस एकदम समोर येऊन उभा राहतो.

इंग्लंडच्या दक्षिण भागात हॅम्पशायर परगण्यात सेलबर्न नावाचं खेडं आहे. लंडनपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर. या खेड्यातले धर्मगुरू रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट २६ जून १७९३ रोजी वारले. वयाची ७३ वर्षं पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे बाकी होते. आपल्याला कसं पुरावं, हे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्याचा आशय असा: मला सेलबर्नच्या चर्चच्या आवारातच पुरावं. ते शक्य तितक्या साधेपणाने आणि गाजावाजा न करता व्हावं. मानकरी नकोत, मिरवणूक नको. मला थडग्यापर्यंत सहा प्रामाणिक रोजंदारी मजुरांनी वाहून न्यावं. हे मजूर निवडताना, ज्यांनी मोठी कुटुंबं वाढवली आहेत अशांचा आधी विचार करावा. आणि या श्रमाबद्दल प्रत्येकाला दहा शिलिंग द्यावेत.

गिल्बर्ट व्हाइट हे नाव जीवशास्त्राच्या शिक्षकांना अगदीच अपरिचित नसेल. ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास आणि प्राचीन अवशेष’ या त्यांच्या पुस्तकाच्या आजवर दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या आहेत. पण आज आपण पुस्तकाच्या दाराने आत न जाता या मृत्युपत्राच्या दाराने जाऊ या. एका माणसाने आयुष्यभर काय पाहिलं आणि कसं पाहिलं, याचा पत्ता या चार ओळींत लागतो का, ते बघू.

मानकरी आणि भारवाहक

‘मानकरी नकोत’ म्हणजे नेमकं काय? त्या काळी इंग्लंडमध्ये प्रतिष्ठिताची अंत्ययात्रा निघाली की शवपेटीवर एक भारी चादर घालत. या चादरीची टोकं हातात धरून गावातले बडे लोक दोन्ही बाजूंनी चालत. पेटीचं वजन मात्र त्यांच्यावर नसे. ते चादरीखाली वाकलेल्या मजुरांच्या खांद्यावर असे. टोकं धरणाऱ्यांना मान मिळे, वर हातमोजे, उपरणी, स्मरणार्थ अंगठ्या अशा भेटीही मिळत. वजन वाहणाऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नसे.

व्हाइट यांनी यातले मानकरी काढून टाकले आणि वजन वाहणारे तेवढे ठेवले. एवढंच नाही, तर त्यांची निवड कशी करायची तेही सांगितलं. निकष नात्याचा नव्हता आणि ओळखीचाही नव्हता. घरात खाणारी तोंडं जास्त असलेल्या माणसाला आधी घ्यायचं, असा तो होता.

दहा शिलिंग म्हणजे किती? त्या काळात दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण सात ते नऊ शिलिंग मिळत. म्हणजे चर्चच्या आवारापर्यंतच्या त्या छोट्याशा वाटेसाठी प्रत्येकाला आठवड्याच्या मजुरीहून अधिक रक्कम मिळणार होती. हे दानच होतं. पण भीक म्हणून नव्हे, कामाचा मोबदला म्हणून दिलेलं.

उत्तरेकडची बाजू

दुसरी गोष्ट जागेची. त्या काळी धर्मगुरूंना आणि जमीनदारांना चर्चच्या इमारतीत, फरशीखाली पुरण्याची पद्धत होती. व्हाइट यांनी बाहेरचं आवार मागितलं. आज त्यांचं थडगं चर्चच्या उत्तर बाजूला आहे. ही दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे.

आपल्या पुस्तकात व्हाइट यांनी या दफनभूमीचं वर्णन केलं आहे. जागा आधीच अपुरी. त्यात प्रत्येकाला दक्षिण बाजूलाच पुरून घ्यायचं असे, कारण उत्तरेची बाजू अशुभ अशी जुनी समजूत होती. परिणाम असा झाला, की दक्षिणेकडे नवं थडगं खणायचं तर पूर्वजांची हाडं हलवल्याशिवाय कुदळ चालवता येईना. उत्तरेकडे मात्र जमीन मोकळी पडलेली. अलीकडे गावातल्या दोन-तीन चांगल्या घराण्यांनी उत्तरेकडे पुरायला सुरुवात केली आहे, त्यांचं पाहून हळूहळू हा ग्रह पुसला जाईल, अशी आशा त्यांनी पुस्तकात व्यक्त केली. पुस्तकावर साल आहे १७८९. त्यानंतर चार वर्षांनी ते स्वतःच त्या उत्तरेच्या जमिनीत विसावले.

थडग्यावरचा दगडही लहानसा. त्यावर नावाची आद्याक्षरं आणि मृत्यूची तारीख, बस्स. पदवी नाही, स्तुती नाही, पुस्तकाचा उल्लेखही नाही.

गावातच राहिलेला माणूस

व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबर्नमध्येच, आजोबांच्या घरी झाला. आजोबांचंही नाव गिल्बर्ट व्हाइट, आणि ते सेलबर्नचे मुख्य धर्मगुरू, म्हणजे व्हिकार होते. नातवाचं शिक्षण ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात झालं, तिथेच ते फेलो झाले, पुढे धर्मगुरूची दीक्षाही घेतली. पण आजोबांची जागा त्यांना कधीच मिळाली नाही. सेलबर्नचा व्हिकार नेमण्याचा हक्क मॅग्डालेन या दुसऱ्याच कॉलेजाकडे होता, आणि व्हाइट पडले ओरिएलचे. दुसरीकडे चांगली जागा घेऊन ते जाऊ शकले असते, पण त्यांनी सेलबर्न सोडलं नाही. शेजारच्या फॅरिंग्डन गावी आणि शेवटची वर्षं सेलबर्नमध्ये ते ‘क्युरेट’, म्हणजे मुख्य धर्मगुरूचे मदतनीस म्हणून काम करत राहिले.

मग घर कसं चाललं? इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओरिएल कॉलेजाच्या फेलोशिपचं उत्पन्न त्यांना आयुष्यभर मिळत होतं. ती टिकवायची तर अविवाहित राहावं लागे, आणि ते तसे राहिलेही. शिवाय दूरच्या नॉर्दम्प्टनशायरमधल्या एका चर्चचं उत्पन्न त्यांच्या नावावर होतं. तिथे ते स्वतः राहत नसत, काम पगारी माणूस करी. त्या काळी ही सर्रास चालणारी रीत होती. निसर्ग बघत हिंडायला लागणारी फुरसत कुठून आली, याचं उत्तर असं अखेर शेतावर राबणाऱ्या हातांपर्यंत पोचतं, कारण चर्चचं उत्पन्न म्हणजे गावकऱ्यांच्या पिकातला दहावा हिस्सा.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खेड्यातले कितीतरी धर्मगुरू विज्ञानात रमलेले दिसतात, त्याचं कारणही हेच. विद्यापीठाचं शिक्षण, नियमित उत्पन्न, रिकामा वेळ आणि वर्षानुवर्षं एकाच जागी मुक्काम. निरीक्षणाच्या शास्त्राला आणखी काय लागतं?

एका फार्दिंगचा उजेड

व्हाइट यांचं पुस्तक म्हणजे ११० पत्रांचा संग्रह आहे. ४४ पत्रं प्राणिशास्त्रज्ञ टॉमस पेनंट यांना, तर ६६ पत्रं डेन्स बॅरिंग्टन यांना उद्देशून लिहिलेली. विषय बहुतेक पक्षी, प्राणी, झाडं, हवामान हे. पण १७७५च्या नोव्हेंबरमधलं एक पत्र वेगळंच आहे. त्याचा विषय आहे गरिबाच्या घरचा दिवा.

ओढ्याकाठी उगवणारं लव्हाळ्यासारखं गवत उन्हाळ्यात कापायचं. त्याची साल काढायची, फक्त आतल्या भेंडाला आधार म्हणून एक बारीक पट्टी ठेवायची. उन्हात वाळवून ही काडी वितळलेल्या चरबीत बुडवायची. झाली मेणबत्ती! वयाने थकलेले मजूर, बायका आणि मुलं हे गवत गोळा करत. चरबीही काटकसरी गृहिणी विकत आणत नसे. खारवलेलं डुकराचं मांस शिजवताना वर जी चरबी तरंगते, तीच ती साठवून ठेवी.

व्हाइट केवळ वर्णनावर थांबत नाहीत, मोजायला बसतात. एक पौंड वाळलेल्या काड्या मोजल्या, तर भरल्या १६००. दोन फूट साडेचार इंच लांबीची एक काडी घड्याळ लावून जाळली, तर ती ५७ मिनिटं जळली. सगळ्या काड्या इतक्या लांब नसतात, म्हणून सरासरी अर्धाच तास धरला. १६०० काड्यांचा उजेड ८०० तास. विकतच्या चरबीसकट खर्च तीन शिलिंग.

आता हे गणित आपल्या विद्यार्थ्यांना करायला द्या. एका शिलिंगचे १२ पेन्स, एका पेनीचे ४ फार्दिंग. म्हणजे तीन शिलिंगचे झाले १४४ फार्दिंग. १६०० काड्यांना १४४ ने भागलं, की एका फार्दिंगला सुमारे ११ काड्या पडतात. प्रत्येकी अर्धा तास धरला तर साडेपाच तास उजेड. व्हाइट यांचं उत्तर हेच आहे. ते पुढे म्हणतात, की ज्या गरिबांना हिशेब जमत नाही ते रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात आणि ती दोन तासांत संपते. त्याच पैशात त्यांना अकरा तास उजेड मिळाला असता.

हे वाचताना मृत्युपत्रातले दहा शिलिंग पुन्हा आठवतात. दहा शिलिंगचे होतात ४८० फार्दिंग. त्याला साडेपाचने गुणा: २६४० तास. संध्याकाळी चार तास दिवा लागतो असं धरलं, तर ६६० संध्याकाळी. जवळजवळ पावणेदोन वर्षांचा उजेड! व्हाइट यांनी ही रक्कम ठरवताना असा हिशेब केला असेल असा माझा दावा नाही. पण आपल्या गावातल्या मजुराच्या झोपडीत एका फार्दिंगची किंमत काय असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते मोजलं होतं.

४ ऑक्टोबर १७८३ रोजीची गावाची मोजदादही त्यांच्या पुस्तकात आहे. कुटुंबं १३६, माणसं ६७६. म्हणजे एका घरात सरासरी पाच. यांतूनच ते सहाजण निवडायचे होते.

वह्या

आता मागे राहिलेल्या वस्तूंकडे वळू. व्हाइट यांची खरी इस्टेट म्हणजे त्यांच्या वह्या. १७५१ साली त्यांनी बागेची रोजनिशी लिहायला सुरुवात केली. काय पेरलं, कधी उगवलं, खत किती घातलं. १७६८पासून त्यांना एक नवं साधन मिळालं. बॅरिंग्टन यांनी निसर्गनिरीक्षकांसाठी रकाने आखलेली छापील वही तयार केली होती. तापमान, वायुदाब, वारा, पाऊस, कुठल्या झाडाला आधी पालवी आली, कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी प्रथम दिसला, असे ते रकाने. व्हाइट यांनी या वह्या पंचवीस वर्षं भरल्या. शेवटची नोंद १५ जून १७९३ची आहे. मृत्यूच्या अकरा दिवस आधीची.

या वह्यांतून काय निघालं? काही उदाहरणं बघू.

झाडांच्या शेंड्यांवर किडे टिपत फिरणारा एक छोटा, हिरवट रंगाचा वटवट्या पक्षी सगळ्यांना एकच वाटायचा. व्हाइट यांनी कान देऊन ऐकलं, तर आवाज तीन तऱ्हेचे. मग पक्षी हातात घेऊन पाहिले, तर बांध्यात आणि रंगातही बारीक फरक. १७६८ साली त्यांनी पेनंटना कळवलं, की या तीन स्वतंत्र जाती आहेत. ते बरोबर होतं. पक्षी आवाजावरून ओळखायचा, ही आज प्रत्येक पक्षिनिरीक्षकाची सवय आहे. तेव्हा मात्र पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांचं शास्त्र होतं.

गव्हाच्या ताटांवर चेंडूसारखं विणलेलं घरटं करणाऱ्या चिमुकल्या उंदराचं ब्रिटनमधलं पहिलं वर्णन त्यांचंच. वजन करायला बारीक मापं नव्हती. त्यांनी तराजूच्या एका पारड्यात दोन उंदीर ठेवले आणि दुसऱ्यात तांब्याचं अर्ध्या पेनीचं नाणं. पारडं उंदरांच्या बाजूला जेमतेम झुकलं. साधन नाही म्हणून प्रयोग अडला, असं त्यांच्या बाबतीत फारसं घडलेलं दिसत नाही. मधमाश्यांना ऐकू येतं का, हे पाहण्यासाठी ते पोळ्याजवळ मोठा कर्णा धरून ओरडले. मैलभरावरच्या जहाजाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने! माश्या आपल्या कामात मग्न.

गावातल्या पाकोळ्यांची ते दरवर्षी मोजणी करत. दरवर्षी आकडा तोच, आठ जोड्या. मग १७७८च्या एका पत्रात त्यांनी प्रश्न विचारला: दर जोडीला पिल्लं होतात, तरी पुढच्या वर्षी जोड्या आठच. मग वाढलेले पक्षी जातात कुठे? ऐंशी वर्षांनी डार्विनच्या सिद्धांताने या प्रश्नाला मध्यभागी आणून ठेवलं. गांडुळांबद्दलही तसंच. गांडूळ हा क्षुद्र दिसणारा जीव नाहीसा झाला तर निसर्गात मोठं खिंडार पडेल, कारण तो जमीन भुसभुशीत करतो, पाणी मुरू देतो, माती वर आणतो, हे व्हाइट यांनी १७७७ साली लिहिलं. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक आलं १८८१ साली. डार्विनने लहानपणी व्हाइट वाचले होते. ते वाचून पक्ष्यांच्या सवयी बघण्याचा छंद लागला, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. पुढे तो सेलबर्नला जाऊनही आला.

पण या वह्यांत चुकाही आहेत, आणि शिक्षकांच्या दृष्टीने त्या अधिक मोलाच्या. हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कुठे, हा त्या काळचा मोठा वाद होता. त्या परदेशी जातात असं काहींचं मत, तर त्या कुठेतरी बिळांत किंवा पाणथळ जागी सुस्त पडून राहतात असं इतरांचं. व्हाइट यांचा भाऊ जॉन जिब्राल्टरला धर्मगुरू होता. तिथे त्याने थवेच्या थवे समुद्र ओलांडताना पाहिले आणि कळवलं. त्यामुळे बहुतेक पक्षी स्थलांतर करतात हे व्हाइट यांनी मानलं. पण एखाद्या नोव्हेंबरात उशिरा उडणारी भिंगरी दिसली, की मनात शंका येई, काही इथेच लपत असतील का? १७८१ साली त्यांनी माणसं लावून टेकडीवरची झुडपं आणि पोकळ्या धुंडाळल्या. एकही पक्षी सापडला नाही. तरीही शंका त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. सापडला नाही, हे मात्र स्वच्छ लिहून ठेवलं. या वादाचा निकाल लागायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९११ साली इंग्लंडमध्ये पायात कडी अडकवलेली एक भिंगरी १९१२च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात मिळाली.

आणखी एक नोंद बघा. १७८३ सालच्या उन्हाळ्यात, २३ जून ते २० जुलै, सेलबर्नवर एक विचित्र धुकं साचलं होतं. भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिकट, जमिनीवर गंजाच्या रंगाचा उजेड, आणि उष्णता अशी की कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगं राहत नसे. लोक घाबरले. व्हाइट यांनी तारखा, वाऱ्याची दिशा आणि उजेडाचा रंग लिहून ठेवला. त्याच वर्षी ८ जूनला आइसलँडमध्ये लाकी इथे जमिनीला भेगा पडून ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक सुरू झाला होता, आणि त्यातला गंधकयुक्त वायू युरोपभर पसरला होता. हे कारण व्हाइट यांना कळणं शक्य नव्हतं. पण कारण कळत नाही म्हणून त्यांनी नोंद टाळली नाही, आणि म्हणूनच आजच्या हवामान-अभ्यासकांना ती उपयोगी पडते.

आत्याचं कासव

वारशाची गोष्ट चालली आहे, तर व्हाइट यांना मिळालेल्या एका वारशाबद्दलही सांगायला हवं. त्यांच्या आत्या रिबेका स्नूक ससेक्स परगण्यातल्या रिंगमर गावी राहत. त्यांच्या बागेत एक कासव होतं, नाव टिमथी. मार्च १७८०मध्ये आत्या वारल्या आणि टिमथी भाच्याकडे आला. हिवाळी झोपेतून उकरून, मातीने भरलेल्या पेटीत घालून, घोडागाडीतून ८० मैलांचा प्रवास त्याला घडला.

पुढची तेरा वर्षं टिमथी हा व्हाइट यांचा प्रयोगविषय आणि सोबती होता. तो जमिनीत कधी शिरतो, कधी बाहेर येतो, त्याचं वजन किती, काय खातो, पावसाला किती भितो, हे सगळं वहीत आहे. एवढं जाड कवच असून हा प्राणी पावसाचा थेंब चुकवायला धडपडतो, याची त्यांना मोठी गंमत वाटे.

व्हाइट गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १७९४मध्ये, टिमथीही गेला. त्याचं कवच जपून ठेवलं गेलं. ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. नंतर तज्ज्ञांनी ते तपासलं तेव्हा कळलं, की टिमथी ही मादी होती. या जातीत नराच्या पोटाकडचं कवच थोडं खोलगट असतं, मादीचं सपाट. चाळीसहून अधिक वर्षं माणसाच्या बागेत राहून, आणि त्या काळातल्या उत्तम निरीक्षकाच्या नजरेखाली तेरा वर्षं काढूनही, तिचं बाईपण कुणाच्या वहीत उतरलं नाही. नाव एकदा ठेवलं की डोळे तेच बघतात! वर्गात ‘निरीक्षण’ हा शब्द फळ्यावर लिहिताना ही गोष्ट सांगावी.

जपून ठेवणारे हात

माणूस वस्तू मागे ठेवून जातो. पण त्यांचं पुढे काय होणार, हे जपणाऱ्यांवर अवलंबून असतं. व्हाइट यांच्या आधी दोनच महिने, एप्रिल १७९३मध्ये, यॉर्कशायरमधल्या थॉर्नहिल गावचे धर्मगुरू जॉन मिशेल वारले. पृथ्वीची घनता मोजण्यासाठी त्यांनी एक नाजूक पिळाचा तराजू तयार केला होता, पण प्रयोग करण्याआधीच मृत्यूने गाठलं. ते उपकरण केंब्रिजच्या प्राध्यापक वोलस्टन यांच्याकडे गेलं आणि तिथून हेन्री कॅव्हेंडिशकडे. कॅव्हेंडिशने ते नव्याने बांधून १७९८ साली जगाला आकडा दिला: पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे. आजचा आकडा आहे ५.५१. टनब्रिज वेल्स गावचे धर्मगुरू टॉमस बेझ १७६१ साली वारले तेव्हा संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध कागदपत्रांत पडून होता. मित्र रिचर्ड प्राइस यांनी तो शोधून रॉयल सोसायटीकडे पाठवला नसता, तर बेझचं सूत्र त्यांच्या नावाने आपल्यापर्यंत आलं नसतं.

व्हाइट यांचं पुस्तक त्यांच्या हयातीतच त्यांचा भाऊ बेंजामिन याने छापलं होतं. निसर्गाच्या वह्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘द वेक्स’ नावाचं त्यांचं घर १९५५पासून संग्रहालय आहे. चर्चच्या आवारातला प्रचंड यू वृक्ष, ज्याचा घेर व्हाइट यांनी २३ फूट मोजला होता, जानेवारी १९९०मधल्या वादळात कोसळला. त्यामुळे ती नोंद आता त्या झाडापेक्षा जास्त जगली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ते सहा मजूर? मृत्युपत्रात त्यांचं वर्णन आहे, नावं नाहीत. व्हाइट यांच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, नोव्हेंबर १८३०मध्ये, दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांनी उठाव केला. सेलबर्नच्या मजुरांनी गरिबांना कोंडणाऱ्या दरिद्रालयावर हल्ला केला आणि तेव्हाच्या व्हिकारला पिकातला हिस्सा कमी करायला भाग पाडलं. दहा शिलिंगांनी गरिबी हटत नसते, हे त्यावरून स्पष्टच आहे. व्हाइट यांच्या पत्रांत या भुकेची झळ फारशी दिसत नाही, अशी टीका करता येईल. ती चुकीचीही नाही. पण दिव्याची काडी मोजणारं ते पत्र आणि मृत्युपत्रातली ती चार वाक्यं एकत्र वाचली, की दिसतं: या माणसाला आपल्याभोवतीची माणसंही दिसत होती. आपलं वजन कुणाच्या खांद्यावर आहे, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या शाळेच्या आवारातही एखादी आखलेली वही ठेवता येईल. पावश्या पहिल्यांदा कधी ओरडला, पळस कधी फुलला, भिंगऱ्या तारांवर कधी येऊन बसल्या, विहिरीचं पाणी कुठवर उतरलं. दरवर्षी नवी मुलं येतील, जुनी जातील, वही तिथेच राहील. नॉरफोकचे रॉबर्ट मार्शम यांच्याशी व्हाइट यांचा अखेरच्या वर्षांत पत्रव्यवहार होता. त्या मार्शम यांनी १७३६ साली सुरू केलेल्या वसंताच्या नोंदी त्यांच्या घराण्याने १९५८पर्यंत चालू ठेवल्या. आज हवामानबदल अभ्यासणारे शास्त्रज्ञ त्या नोंदी उघडून बसतात.

वही सुरू केलीत, तर त्यात एक रकाना जास्तीचा आखा. आज शाळेत पाणी कुणी भरलं, आवार कुणी झाडलं, त्यांची नावं लिहिण्यासाठी. व्हाइट यांच्या वहीत तेवढा एक रकाना नव्हता.